ऑनलाइन स्रोतांचे संदर्भ: वाचताना टिपण्यापासून सूचीच्या शेवटच्या तपासणीपर्यंत

छापील पुस्तकाची आवृत्ती आणि पान क्रमांक दिला की वाचकाला नेमका तोच मजकूर सापडतो. वेबपानाचं तसं नाही. ते बदलतं, दुसऱ्या पत्त्यावर जातं, कधी पूर्णच नाहीसं होतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं ऑक्टोबर २०२३ पर्यंत उघडेनाशी झाली होती. त्याआधी २०१४ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांनी कायद्याच्या संशोधनपत्रिकांमधले दुवे तपासले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक दुवे लेखकाने उद्धृत केलेल्या मजकुरापर्यंत पोहोचतच नव्हते. त्यातले काही उघडत होते, पण आत मजकूर वेगळा होता. हे जास्त वाईट, कारण मेलेला दुवा निदान लक्षात तरी येतो.

म्हणून ऑनलाइन संदर्भाची कसोटी एकच ठेवा: तुम्ही जे वाचलं तेच, त्याच रूपात, अनोळखी वाचकाला पाच वर्षांनी सापडेल का? स्वल्पविराम कुठे, तिरपी अक्षरं कुठे, हे शैलीपुस्तिका बघून कधीही दुरुस्त करता येतं. स्रोत उघडा असताना टिपून न ठेवलेली माहिती मात्र नंतर मिळेलच याची खात्री नसते.

वाचतानाच काय टिपायचं

पान उघडलं आणि ते वापरायचं ठरलं की त्याच बैठकीत सात गोष्टी उतरवून घ्या: लेखक, पानाचं पूर्ण शीर्षक, संकेतस्थळाचं किंवा नियतकालिकाचं नाव, तारीख, दुवा, तुम्ही ते पाहिलं तो दिवस, आणि वापरायचं वाक्य जसंच्या तसं, ते कोणत्या उपशीर्षकाखाली आहे त्यासकट. अवतरण उतरवताना सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्हं लगेच घाला. टिपणवहीत चिन्हांविना पडलेलं वाक्य दोन महिन्यांनी आपलंच वाटू लागतं, आणि नकळत होणारं वाङ्मयचौर्य बऱ्याचदा इथूनच सुरू होतं.

लेखक शोधताना शीर्षकाखाली बघा, मग पानाच्या तळाशी. व्यक्तीचं नाव नसेल तर ज्या संस्थेने मजकूर प्रसिद्ध केला ती संस्था लेखक. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकांवर सहसा व्यक्तीचं नाव नसतं, तिथे संघटनाच लेखक धरायची. पान ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘वेब टीम’ या नावाने टाकलेलं असेल तर ते नाव लेखक म्हणून घेऊ नका, संस्थेचं नाव घ्या.

सर्वाधिक चुका तारखेत होतात. पानाच्या तळाशी प्रताधिकाराच्या चिन्हाजवळ छापलेलं वर्ष ही लेखाची तारीख नव्हे. ते साल संपूर्ण संकेतस्थळासाठी असतं आणि बऱ्याचदा दर जानेवारीत आपोआप पुढे सरकतं. लेखावर ‘प्रकाशित’ आणि ‘अद्ययावत’ अशा दोन तारखा असतील तर दोन्ही टिपा, कारण तुम्ही वाचलेला मजकूर अद्ययावत तारखेचा आहे. ‘शेवटचा आढावा’ अशी तारीख असेल तर सावध राहा. आढावा घेऊन काहीही न बदललेलं असू शकतं, त्यामुळे एपीए शैली (संदर्भ लिहिण्याच्या रूढ पद्धतींपैकी एक, मुख्यतः मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांतली) ही तारीख धरत नाही.

तारीख दिसतच नसेल तर सोडून देण्याआधी एक उपाय करून पाहा. पानावर उजवी कळ दाबून ‘व्ह्यू पेज सोर्स’ निवडा. जो सांकेतिक मजकूर उघडेल त्यात शोधपट्टीने ‘डेटपब्लिश्ड’ किंवा ‘डेटमॉडिफाइड’ हे शब्द शोधा (रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता). वृत्तस्थळांच्या आणि बऱ्याच ब्लॉगांच्या पानांत शोधयंत्रांसाठी ही तारीख लपवून दिलेली असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने. पीडीएफ असेल तर फाइलच्या गुणधर्मांत तयार केल्याची तारीख मिळते, पण कोणी फाइल पुन्हा तयार केली तर ती बदलते. तिचा आधार खात्री करण्यापुरता घ्या, पुरावा म्हणून नको.

कोणता दुवा द्यायचा

शोधनिबंधाला डीओआय असेल तर तोच द्यायचा, दुसरा दुवा शोधायचा नाही. डीओआय हा निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक आहे. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं तरी क्रमांक तोच राहतो, फक्त तो ज्या पत्त्याकडे नेतो तो मागच्या बाजूने बदलून ठेवला जातो. त्याची सुरुवात नेहमी १० ने होते, मग टिंब, प्रकाशकाचा क्रमांक, तिरकी रेघ आणि पुढे निबंधाचा भाग. डीओआय पद्धतीच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेचा क्रमांक आहे १०.१०००/१८२ (सूचीत लिहिताना अंक अर्थातच इंग्रजी पद्धतीचे). हा क्रमांक ‘डीओआय डॉट ऑर्ग’ या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन जोडला की पूर्ण दुवा तयार होतो, आणि निबंधांचे डीओआय नोंदवणारी क्रॉसरेफ ही संस्था २०१७ पासून हाच प्रकार वापरायला सांगते. जुन्या निबंधांत पत्त्याच्या आधी ‘डीएक्स’ दिसतं. ते अजून चालतं, पण नव्या सूचीत काढून टाका. एपीएच्या सातव्या आवृत्तीत दुव्याआधी ‘डीओआय’ हा शब्दही लिहायचा नाही.

डीओआय उतरवताना नेमकं काय बिघडतं? पीडीएफमधून कॉपी करताना ओळ जिथे तुटली तिथे एक रिकामी जागा किंवा संयोगचिन्ह आत शिरतं. वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम क्रमांकाला चिकटतो. संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणासाठी अख्ख्या ग्रंथाचा डीओआय दिला जातो. तिन्हींवर इलाज एकच: लिहून झालेला दुवा ब्राउझरमध्ये टाकून बघा आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक तुमच्या नोंदीतल्या शीर्षकाशी शब्दशः जुळवा.

डीओआय नसेल तर पानाचा थेट दुवा द्या, मुखपृष्ठाचा नको. हा दुवा आधी स्वच्छ करावा लागतो. पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’ने सुरू होणारा लांबलचक भाग असेल तर तो फक्त तुम्ही कुठून आलात याची नोंद ठेवण्यासाठी असतो. प्रश्नचिन्हासकट तो खोडा आणि पान उघडतं का ते पाहा. मात्र प्रश्नचिन्हापुढचं सगळंच डोळे झाकून काढू नका. काही संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकच तिथे असतो आणि तो गेला की भलतंच पान उघडतं. गूगलमधून आलात तर शेवटी हॅश चिन्ह आणि ‘टेक्स्ट’ असं काही जोडलेलं असू शकतं. तेही काढायचं.

ग्रंथालयातून लॉगिन करून वाचलेल्या निबंधाचा पत्ता बाहेरच्या माणसाला उपयोगी नाही, कारण त्यात मध्ये ग्रंथालयाच्या प्रॉक्सीचं, म्हणजे लॉगिन तपासून पुढे नेणाऱ्या मधल्या यंत्रणेचं, नाव घुसलेलं असतं. लहान केलेले दुवे तर शैक्षणिक लेखनात कधीच नकोत. ती सेवा बंद पडली की मूळ पत्ता काय होता तेही कळत नाही. गूगलने आपली दुवे लहान करण्याची सेवा नव्या दुव्यांसाठी २०१९ मध्येच बंद केली.

प्रत जतन करून ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. इंटरनेट अर्काइव्ह या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेचं वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींचा संग्रह, २००१ पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्याच्या मुखपृष्ठावर ‘सेव्ह पेज नाऊ’ नावाची चौकट आहे. तिथे स्वच्छ केलेला दुवा टाका आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा. जो नवा पत्ता मिळतो त्यात मध्येच १४ अंक असतात: वर्षाचे चार, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद यांचे दोन-दोन. म्हणजे २०२४०५१७०९३०१५ याचा अर्थ १७ मे २०२४, सकाळी ९ वाजून ३० मिनिटं १५ सेकंद. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तुमच्या घड्याळाची नव्हे. मध्यरात्रीच्या आसपास जतन केलं तर त्यामुळे तारखेत एका दिवसाचा फरक दिसू शकतो. तो दिसला म्हणून घाबरू नका.

मग ती जतन प्रत उघडून तुम्हाला हवं असलेलं वाक्य तिथे खरंच दिसतंय का ते पाहा. लॉगिनमागची पानं, खाली सरकवल्यावर भरत जाणारी पानं आणि संवादी आलेख यांच्या प्रती अनेकदा अर्धवट निघतात. तसं झालं तर ब्राउझरच्या छपाई पर्यायातून पान पीडीएफ म्हणून स्वतःच्या संगणकावर ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. ही प्रत परीक्षकाने मागितली तर दाखवण्यासाठी आहे. ती जाहीरपणे चढवणं प्रताधिकाराच्या विरुद्ध ठरू शकतं. कायद्याच्या क्षेत्रात काम असेल तर हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘पर्मा’ ही सेवा खास याच कामासाठी आहे.

एक नोंद घडवून पाहू

प्यूचा वर उल्लेखलेला अहवालच घेऊ. लेखक चार: अथेना चॅपेकिस, सॅम्युअल बेस्टवेटर, एमा रेमी, गोन्झालो रिव्हेरो. शीर्षक ‘व्हेन ऑनलाइन कंटेंट डिसअपिअर्स’. प्रकाशनाची तारीख १७ मे २०२४. हीच नोंद एपीए, एमएलए (भाषा-साहित्यातली) आणि व्हँकूव्हर (वैद्यकातली) या तीन शैलींत कशी दिसते ते पाहू. खालच्या नोंदींत ‘दुवा’ लिहिलं आहे तिथे पूर्ण पत्ता येईल असं समजा.

एपीए (सातवी आवृत्ती): चॅपेकिस, ए., बेस्टवेटर, एस., रेमी, ई., आणि रिव्हेरो, जी. (२०२४, १७ मे). व्हेन ऑनलाइन कंटेंट डिसअपिअर्स. प्यू रिसर्च सेंटर. दुवा

एमएलए (नववी आवृत्ती): चॅपेकिस, अथेना, आणि इतर. “व्हेन ऑनलाइन कंटेंट डिसअपिअर्स.” प्यू रिसर्च सेंटर, १७ मे २०२४, दुवा.

व्हँकूव्हर: चॅपेकिस ए, बेस्टवेटर एस, रेमी ई, रिव्हेरो जी. व्हेन ऑनलाइन कंटेंट डिसअपिअर्स [इंटरनेट]. वॉशिंग्टन (डीसी): प्यू रिसर्च सेंटर; २०२४ मे १७ [पाहिलं २०२४ जून ३]. येथे उपलब्ध: दुवा

तिन्ही एकाखाली एक ठेवून बघा. एपीएमध्ये शीर्षक तिरपं असतं, इंग्रजीत लिहिताना त्याचा फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने सुरू होतात, आणि दुव्यानंतर पूर्णविराम नसतो. एमएलएमध्ये शीर्षक अवतरणात आणि संकेतस्थळाचं नाव तिरपं, तीन किंवा अधिक लेखक असले की पहिला लेखक आणि ‘आणि इतर’, शेवटी पूर्णविराम. एपीएच्या सूचीत मात्र २० लेखकांपर्यंत सगळ्यांची नावं द्यायची. २१ किंवा अधिक असतील तर पहिली १९, मग तीन टिंबं, मग शेवटचं नाव. ‘आणि इतर’ हे एपीएत मजकुरातल्या कंसापुरतंच, तेही तीन लेखकांपासून: (चॅपेकिस आणि इतर, २०२४). एका शैलीचा नियम दुसरीत नेल्याने होणारी ही नेहमीची चूक आहे.

लेखक आणि संकेतस्थळ एकच असतील, जसं जागतिक आरोग्य संघटनेच्या पानाचं, तर एपीएमध्ये नाव दुसऱ्यांदा लिहायचं नाही.

‘पाहिल्याची तारीख’ कुठे द्यायची याबद्दलही शैलींचं एकमत नाही. एपीए ती फक्त सतत बदलणाऱ्या पानांसाठी मागते, तेही जतन प्रतीचा दुवा दिलेला नसेल तेव्हा. एमएलए ती ऐच्छिक ठेवते. शिकागो शैलीला पानावर प्रकाशनाची किंवा सुधारणेची तारीख नसेल तेव्हाच ती हवी. व्हँकूव्हरमध्ये आणि हार्वर्ड पद्धतीच्या बहुतेक रूपांत ती नेहमी लागते. हार्वर्ड म्हणून एकच अधिकृत पुस्तिका नाही, प्रत्येक विद्यापीठाचं रूप थोडं वेगळं असतं, म्हणून तुमच्या विभागाचीच पुस्तिका समोर ठेवा. टिपताना मात्र ही तारीख प्रत्येक वेळी टिपा. ती छापायची की नाही हे नंतर ठरवता येतं. आणि महिना अक्षरांत लिहा. ०३/०४/२०२४ म्हणजे कोणाला ३ एप्रिल वाटेल, कोणाला ४ मार्च.

माहितीच नसेल तेव्हा

लेखकही नाही आणि संस्थाही स्पष्ट नाही, तर शीर्षक लेखकाच्या जागी येतं आणि नोंद शीर्षकाच्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दानुसार लागते. तारीख नसेल तर तिच्या जागी ‘दिनांक नाही’ असं त्या शैलीचं ठरलेलं संक्षिप्त रूप द्या, अंदाजाचं वर्ष लिहू नका. शीर्षक नसलेल्या छायाचित्राचं किंवा टिपणाचं थोडक्यात वर्णन चौकटी कंसात करा. लेखक, तारीख, संस्था यांपैकी काहीच सापडत नसेल तर मात्र नोंद कशी लिहायची हा प्रश्न बाजूला ठेवा आणि हा स्रोत वापरावाच का हे आधी ठरवा. बहुतेकदा त्याच माहितीचा जबाबदार स्रोत थोड्या शोधात मिळतो.

पान क्रमांक नाही, मग जागा कशी दाखवायची

वेबपानावरचं अवतरण असेल तर उपशीर्षक, परिच्छेद क्रमांक किंवा दोन्ही द्या: (चॅपेकिस आणि इतर, २०२४, परि. ४). परिच्छेद तुम्हीच मोजायचे, चित्रांखालच्या ओळी त्यात धरायच्या नाहीत. व्हिडिओ किंवा ध्वनिमुद्रणासाठी अवतरण जिथे सुरू होतं ती वेळ, मिनिट आणि सेकंदांत. ई-पुस्तकात उपकरणावर दिसणारा ‘लोकेशन’ क्रमांक देऊ नका, त्या ई-आवृत्तीबाहेर त्याचा उपयोग राहत नाही. प्रकरण आणि परिच्छेद द्या. संशोधनपत्रिकेतल्या निबंधाची पीडीएफ असेल तर पानावर छापलेला क्रमांक घ्या. पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम पहिल्या पानाला १ म्हणतो, पण त्याच पानावर २११ छापलेलं असू शकतं.

अवघड स्रोत

विकिपीडियाचा लेख संदर्भ म्हणून चालतो का हे विभागाला विचारा. चालत असेल तर ‘इतिहास’ या भागात जाऊन तुम्ही वाचलेल्या आवृत्तीच्या तारखेवर टिचकी मारा आणि तिथला दुवा घ्या. तो त्या आवृत्तीलाच कायमचा बांधलेला असतो. पण विकिपीडियावर मिळालेलं विधान तळटीपेतल्या मूळ स्रोतात जाऊन वाचावं आणि संदर्भ त्या मूळ स्रोताचा द्यावा, हे केव्हाही अधिक चांगलं. बातमीत आलेल्या संशोधनालाही हेच लागू आहे. मूळ निबंध तुम्ही स्वतः उघडला नसेल तर त्याची नोंद सूचीत घालू नका. बातमीची नोंद करा आणि मजकुरात ‘यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं स्पष्ट लिहा.

अर्काइव्ह (इंटरनेट अर्काइव्हहून वेगळं) या १९९१ पासून चालणाऱ्या पूर्वप्रत-भांडारातल्या, म्हणजे संशोधनपत्रिकेत छापण्याआधीच खुल्या केलेल्या, निबंधांना आवृत्ती असते, क्रमांकाच्या शेवटी ‘व्ही१’, ‘व्ही२’ अशी. आकडे एका आवृत्तीतून दुसरीत बदलू शकतात, म्हणून आवृत्तीसकट टिपा. निबंध पुढे संशोधनपत्रिकेत छापला गेला असेल तर छापील रूप वाचून त्याचाच संदर्भ द्या. नुसता दुवा बदलून छापील रूपाचा संदर्भ देणं खोटं आहे, कारण ते तुम्ही वाचलेलंच नाही.

गिटहबवरच्या संगणक-संहितेचा साधा दुवा नेहमी ताज्या रूपाकडे नेतो. फाइल उघडी असताना कळफलकावर ‘वाय’ दाबा. पत्ता त्या क्षणाच्या रूपाशी बांधला जातो. लेखकांनी ती झेनोडो या संशोधन-भांडारात ठेवून डीओआय घेतला असेल तर तो त्याहून चांगला.

यूट्यूबवर एपीएनुसार लेखक म्हणजे व्हिडिओ चढवणारं खातं, व्हिडिओत बोलणारी व्यक्ती नव्हे. बोलणाऱ्याचं नाव तुमच्या वाक्यात घ्या. समाजमाध्यमावरच्या नोंदीला शीर्षक नसतं, तिथे एपीए पहिले २० शब्द शीर्षकासारखे वापरते. खाजगी ईमेल वाचकाला मिळूच शकत नाही, म्हणून तो सूचीत जात नाही, फक्त मजकुरात ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह येतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. त्याचं उत्तर उद्धृत करत असाल तर साधनाचं नाव, ते बनवणारी कंपनी, आवृत्ती आणि तारीख द्या, आणि कशासाठी वापरलं ते पद्धतीच्या भागात लिहा. त्याने सुचवलेले संदर्भ मात्र तपासल्याशिवाय एकही घेऊ नका. ही साधनं अस्तित्वात नसलेले निबंध खऱ्या लेखकांच्या नावावर बेमालूम रचतात. डीओआय उघडतो एवढ्यावरही विश्वास ठेवू नका, तो दुसऱ्याच कुठल्या निबंधाचा असू शकतो. शीर्षक, लेखक, वर्ष तिन्ही जुळले पाहिजेत, आणि निबंधात ते विधान खरंच असलं पाहिजे.

देवनागरी स्रोत

मराठी शब्द असलेला पत्ता कॉपी केला की तो टक्क्यांची चिन्हं, अंक आणि रोमन अक्षरांच्या रांगेत बदलतो. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला अशा नऊ निशाण्या लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे एकटा शब्द ४५ निशाण्यांचा. ही रांग चुकीची नाही, पण हाताने तोडू किंवा दुरुस्त करू नका. तिच्यातली एक निशाणी गेली तरी दुवा मरतो. इंग्रजी निबंधात मराठी स्रोत द्यायचा असेल तर एपीएनुसार शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून लिहा आणि लगेच चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर द्या.

झोटेरो वापरा, पण त्यावर विसंबू नका

झोटेरोसारखा संदर्भ सांभाळणारा मोफत प्रोग्रॅम ब्राउझरमधून एका टिचकीत नोंद घेतो. डीओआय टाकला तर ती बहुधा अचूक येते. वेबपानाची नोंद मात्र लगेच डोळ्यांखालून घाला. संस्थेचं नाव आडनाव आणि नाव असं फोडलं जातं, मग सूचीत ‘सेंटर, पी. आर.’ असं काही छापलं जातं. लेखकाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून तो एकच रकाना करा. शीर्षकाला संकेतस्थळाचं नाव उभ्या रेघेसह चिकटून येतं, ते खोडा. तारीख गाळलेली असते, ती भरा. संशोधनपत्रिकेने मागे घेतलेला निबंध तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो २०१९ पासून लाल पट्टीने इशारा देतं. तो बघून न बघितल्यासारखं करू नका.

शेवटची तपासणी

सादर करण्याआधी दोन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत मजकुरातला प्रत्येक कंस सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी आली आहे का ते पाहा. छापून घेऊन पेन्सिलीने खूण करत गेलं की हे काम लवकर होतं. आडनावाचं लेखन आणि वर्ष दोन्हीकडे सारखं हवं. दुसऱ्या फेरीत ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, कोणत्याही खात्यात लॉगिन करू नका, आणि अंतिम पीडीएफमधला एकेक दुवा दाबत चला. मूळ फाइलमध्ये नीट असलेला दुवा पीडीएफ करताना ओळीच्या शेवटी तुटू शकतो, म्हणून तपासणी पीडीएफवरच करायची. पान उघडलं की शीर्षक जुळतं का बघा. उघडलं नाही तर आधी जपून ठेवलेल्या प्रतीचा दुवा मूळ दुव्यासोबत जोडा. तुमच्याकडे प्रत नसेल तर वेबॅक मशीनमध्ये मूळ पत्ता टाका आणि तुम्ही ते पान पाहिलं त्या दिवसाच्या सर्वांत जवळची प्रत निवडा.